वाचाघात : उपचार दवाखान्यात, आधार गावात

समजा, उमरखेड तालुक्यातील पैनगंगेकाठच्या एका गावी साठीच्या घरातील एक शेतकरी सकाळी उठतो, बोलण्यासाठी तोंड उघडतो आणि शब्दच येत नाही. उजवा हात लोंबतो आहे, तोंड एका बाजूला ओढले गेले आहे. घरची मंडळी धावाधाव करतात, दवाखाना होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी काठीच्या आधाराने तो घरी परततो. पाय उचलू लागतो, हात थोडाफार सावरतो. परंतु पत्नीस हाक मारू जावे तर तिचे नाव ओठांवर येत नाही. पाणी हवे असते आणि तोंडून 'बैल' असा शब्द निघतो. चार लोक भेटावयास येतात, काही विचारतात, उत्तराची क्षणभर वाट पाहतात आणि मग घरच्यांकडे वळून म्हणतात, "यांना आता काही कळत नाही वाटते." तो हे वाक्य ऐकतो. त्याला ते समजतेही. "मला कळते आहे" एवढे सांगण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी उरलेले नसते.

हे उदाहरण कल्पित आहे. पण अशी माणसे आपल्या गावोगावी आहेत. पक्षाघातातून जे बचावतात त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना भाषेची ही अडचण कमीअधिक प्रमाणात जाणवते, असे जगभरचा अनुभव सांगतो. या अवस्थेस वाचाघात म्हणतात. लकवा सर्वांना ठाऊक आहे. वाचाघात हे नाव मात्र अनेक सुशिक्षितांच्याही कानावर आलेले नसते. नाव ठाऊक नसले की उपचार शोधला जात नाही, आणि माणूस मुका झाला अथवा भ्रमिष्ट झाला असे समजून त्याला कोपऱ्यात बसविले जाते. ही स्थिती पालटण्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांइतकेच शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी आणि पंचायतीचे सदस्य यांचे साहाय्य लागते. त्यांनी काय जाणावे व काय करावे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वाचाघात म्हणजे काय?

वाचाघात हा जिभेचा रोग नव्हे, घशाचा नव्हे आणि वेडही नव्हे. मेंदूतील भाषेचे काम पाहणाऱ्या भागास इजा झाल्याने बोलणे, दुसऱ्याचे बोलणे समजणे, वाचणे आणि लिहिणे या चारही क्रिया कमीअधिक बिघडतात. बहुतेक माणसांत हा भाग मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतो. शरीराची उजवी बाजूही मेंदूच्या याच अर्ध्याच्या ताब्यात असल्यामुळे उजव्या अंगावरून वारे गेलेल्या रुग्णास वाचाघात होण्याचा संभव अधिक असतो.

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे किंवा ती वाहिनी फुटणे, हे याचे प्रमुख कारण. मोटारसायकलच्या अपघातात डोक्यास लागलेला मार, मेंदूतील गाठ, मेंदूचा जंतुसंसर्ग यांमुळेही तो उद्भवतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि या आजारात लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. यास्तव एखाद्या विद्यार्थ्याचे बोलणे अचानक अडखळू लागले तर ते हट्टाचे वा भीतीचे लक्षण न समजता शिक्षकांनी त्याला तत्काळ डॉक्टरांकडे पाठवावे.

वाचाघात आणि उच्चारदोष यांतील भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पक्षाघातानंतर काहींची जीभ जड होते. शब्द ठाऊक असतो, वाक्य बरोबर असते, फक्त उच्चार बोबडा येतो. असा मनुष्य लिहून दाखवू शकतो. वाचाघातात शब्दच सापडत नाही, म्हणून लिहितानाही तो सापडत नाही. "बोलता येत नसेल तर लिहून द्या" असे अशा रुग्णास सांगणे म्हणूनच निरुपयोगी ठरते. काही रुग्णांत दोन्ही दोष एकत्र असतात.

शब्द कोठे अडकतो?

या विषयाचे शास्त्र दीडशे वर्षांहून अधिक जुने आहे. इ. स. १८६१ मध्ये पॅरिस येथील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. कोणताही प्रश्न विचारला तरी तो 'तान' एवढेच उत्तर देई; इतरांचे बोलणे मात्र त्याला बरेचसे कळत असे. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी केली असता डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. पुढे १८७४ मध्ये जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकारचे रुग्ण वर्णिले. ते भराभर बोलत, पण बोलण्यास अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना समजत नसे. त्यांच्या मेंदूतील इजा डाव्या बाजूसच, परंतु मागील भागात होती.

हे दोन्ही प्रकार आजही दिसतात. पहिल्या प्रकारचा रुग्ण कष्टाने एकेक शब्द काढतो : "शेत... कापूस... पोरगा... उद्या." प्रत्यय आणि क्रियापदे गळून पडतात, पण मुलाने उद्या कापसाच्या शेतात जावे हा आशय मागे असतो. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण लांबलचक बोलतो, परंतु शब्दांची अदलाबदल होते, कधी अर्थहीन शब्द येतात, आणि आपले चुकते आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. लोक अशालाच वेडा समजतात. काहींना सारे नीट बोलता येते, फक्त नेमके नाव आठवत नाही. तर इजा मोठी असल्यास बोलणे आणि समजणे दोन्ही जवळजवळ थांबतात.

एक गोष्ट घरच्यांना बुचकळ्यात टाकते. ज्याला पाणी मागता येत नाही तोच माणूस 'राम राम' स्पष्ट म्हणतो, एक ते दहा आकडे मोजतो, रागाच्या भरात शिवी देतो आणि भजनाची ओळ सुरात म्हणतो. "म्हणजे हे ढोंग आहे" असा निष्कर्ष कोणी काढू नये. पाठ झालेले बोल, मोजणी आणि सूर यांचा मार्ग मेंदूत काहीसा वेगळा असतो. त्याच मार्गाचा उपयोग करून शब्द सुरावर म्हणवून घेण्याची उपचारपद्धती अमेरिकेत १९७३ पासून पुढे आली. आपल्याकडे हरिपाठ आहे, जात्यावरच्या ओव्या आहेत, तांड्यांवर होळीच्या लेंगी आहेत. रुग्णाच्या ओठी पूर्वीपासून असलेले हे धन उपचाराच्या कामी येऊ शकते.

पहिले काही तास

वाचाघातावरील पहिला उपचार हा पक्षाघातावरील उपचारच होय, आणि तेथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे. रक्त अडल्यानंतर दर मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळविणारे औषध पक्षाघात सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही सी. टी. स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावरच. काही निवडक रुग्णांत मोठ्या रुग्णालयांमध्ये २४ तासांपर्यंत वाहिनीतील गुठळी काढता येते.

यास्तव तीन गोष्टी प्रत्येक घरी माहीत असाव्यात. हसावयास सांगितले असता तोंड वाकडे होते काय? दोन्ही हात वर केले असता एक हात खाली येतो काय? साधे वाक्य म्हणावयास सांगितले असता बोलणे अडखळते किंवा असंबद्ध होते काय? यांपैकी एक जरी खूण दिसली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि रुग्ण शेवटी धडधाकट केव्हा दिसला होता ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर प्रथम हेच विचारतात. बोलणे एकाएकी बिघडणे ही एकटी खूणदेखील पुरेशी आहे; हात-पाय चालतात म्हणून वाट पाहत बसू नये. थोड्या वेळाने सर्व पूर्ववत झाले तरी दवाखाना टाळू नये, कारण मोठ्या झटक्याची ती पूर्वसूचना असू शकते.

या वेळात रुग्णाच्या तोंडात पाणी, चहा वा औषध घालू नये. गिळण्याची शक्ती गेली असल्यास ते फुप्फुसात उतरते. जिभेवर वेखंड चोळणे, कबुतराचे रक्त लावणे अशा उपायांत जे तास जातात ते परत मिळत नाहीत. जीभ आजारी नसतेच. आजार मेंदूत असतो.

पक्षाघात टाळण्याचा मार्गही येथेच सांगितला पाहिजे. वाढलेला रक्तदाब हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांतून विनामूल्य आहे. गोळी सुरू झाल्यावर बरे वाटते म्हणून ती बंद करणे धोक्याचे आहे. तंबाखू आणि बिडी सोडणे हा दुसरा उपाय होय.

सुधारणा किती काळ होते?

"सहा महिन्यांत जेवढे आले तेवढेच, पुढे काही नाही" असा एक समज रूढ आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरे. परंतु नंतर ती थांबतेच असे नाही. जर्मनीत दीडशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पक्षाघात होऊन सहा महिने वा अधिक काळ लोटलेल्या रुग्णांना तीन आठवडे, दर आठवड्यास किमान दहा तास वाचा-उपचार देण्यात आले. त्यांच्या दैनंदिन बोलण्यात स्पष्ट सुधारणा दिसली. उपचाराची वाट पाहणाऱ्या गटात ती दिसली नाही. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. उशीर झाला म्हणून आशा सोडू नये; आणि महिन्यातून एकदा अर्धा तास पुरत नाही, सराव रोज व भरपूर हवा.

सर्वांचीच वाचा पूर्ववत होत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. इजा मोठी असेल तर काही उणीव कायम राहते. परंतु भाषेची उणीव म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे. स्वीडनचे कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये पक्षाघात झाला, उजवे अंग लुळे पडले आणि बोलणे बहुतांशी गेले. तरीही त्यांचे कवितासंग्रह प्रसिद्ध होत राहिले, डाव्या हाताने ते पियानो वाजवीत राहिले, आणि २०११ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यापुढे बसून कोणी "यांना काही कळत नाही" असे म्हटले असते तर ते किती चुकीचे ठरले असते!

उपचार कोठे मिळतील?

वाचाघातावर उपचार करणाऱ्या व्यक्तीस वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा स्पीच थेरपिस्ट म्हणतात. हे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटले आहेत, ही आपली खरी अडचण आहे. उमरखेडच्या रुग्णास जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ दूर पडते, तर पैनगंगेपलीकडील नांदेड अंतराने जवळ. यवतमाळ येथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाचा-उपचाराची चौकशी मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात करावी. श्रवणतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ सामान्यतः त्या विभागाशी जोडलेले असतात. अनेक कुटुंबे मेंदूविकाराच्या बाह्यरुग्ण विभागातून औषधे घेऊन परततात आणि ही दुसरी खिडकी त्यांना कोणी दाखवीतच नाही.

नागपूर येथे केंद्र शासनाचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. ते मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या अखत्यारीत चालते. वांद्रे येथील ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली आणि वाचा व श्रवण यांच्या दिव्यांगतेसाठीच ती काम करते. मुंबईच्या नायर रुग्णालयात या व्यवसायाचे शिक्षण १९६० च्या दशकापासून दिले जात आहे. खाजगी तज्ज्ञाकडे जाताना तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे काय, एवढे विचारून घ्यावे.

दूरच्या शहरी दर आठवड्यास जाणे शेतमजुराच्या कुटुंबास परवडत नाही. २०२० च्या साथीच्या काळापासून मोबाइलच्या पडद्यावरून वाचा-उपचार देण्याची पद्धत बरीच रुळली आहे. पहिली तपासणी प्रत्यक्ष भेटीत, पुढील मार्गदर्शन पडद्यावरून आणि रोजचा सराव घरी, अशी विभागणी केल्यास खर्च आवाक्यात येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. त्यामुळे पक्षाघाताच्या वेळी शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर ठेवावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. घरी सुटी होण्यापूर्वी डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : गिळण्याची तपासणी झाली काय? वाचा-उपचारासाठी चिठ्ठी मिळेल काय?

उपचार कोणत्या भाषेत?

उमरखेड तालुक्यात मराठीबरोबर बंजारा समाजाची गोरमाटी, उर्दू आणि आदिवासी बोली नांदतात. घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी, असा अनेकांचा व्यवहार असतो. वाचाघातानंतर या भाषा सारख्या प्रमाणात परत येत नाहीत. कोणाची लहानपणची बोली आधी परतते, तर कोणाची आजारापूर्वी रोज वापरात असलेली भाषा. म्हणून रुग्णास केवळ प्रमाण मराठीत विचारून "याला समजत नाही" असे ठरविणे अन्यायाचे होईल. तांड्यावरील रुग्णाबरोबर गोरमाटी बोलणारा नातेवाईक तपासणीस न्यावा. तज्ज्ञाने दिलेला शब्दसंग्रहही रुग्णाच्या जगातील असावा : विळा, पऱ्हाटी, भाकर, सातबारा, नातवंडांची नावे. शाळेच्या पहिलीच्या पुस्तकातील चित्रे सोयीची असली तरी प्रौढ माणसाला बालकाप्रमाणे वागविले तर त्याचे मन दुखावते आणि तो सराव सोडतो.

शेजाऱ्यांनी शिकविलेला धडा

तज्ज्ञ दूर असताना गाव काय करू शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. पॅट्रिशिया नील या अमेरिकन अभिनेत्रीस फेब्रुवारी १९६५ मध्ये मेंदूतील रक्तस्राव होऊन वाचाघात झाला. ग्रेट मिसेंडन या गावी परतल्यावर त्यांचे पती, लेखक रोआल्ड डाल, यांनी शेजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. कोणी तासभर वाचून घेई, कोणी गप्पा मारी, कोणी कोडी घाली. यांपैकी व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या शेजारीण वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या नव्हत्या. परंतु त्यांनी हे काम चिकाटीने पुढे नेले आणि १९७० मध्ये आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले. पॅट्रिशिया नील १९६८ मध्ये पुन्हा चित्रपटात झळकल्या. या अनुभवातूनच पुढे ब्रिटनमध्ये वाचाघाताच्या रुग्णांसाठी स्वयंसेवकांची योजना उभी राहिली.

१९८२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही रुग्णांना तज्ज्ञांकडून आणि काहींना स्वयंसेवकांकडून सारख्याच तासांचा सराव देण्यात आला. दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ तज्ज्ञ अनावश्यक आहे असा नव्हे. कोणता दोष आहे, कोणता सराव द्यावा आणि कोठे थांबावे, हे तज्ज्ञच ठरवितो, आणि पुढील काळातील भरपूर तासांच्या उपचारांनी त्याचे मोल सिद्ध केले आहे. परंतु सहानुभूतीने आणि नियमाने बोलणारा माणूस हाही उपचाराचाच भाग आहे, एवढे यावरून निश्चित दिसते. कॅनडातील टोरांटो येथे २००१ मध्ये आणखी एक गोष्ट दिसून आली. स्वयंसेवकांना थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण दिल्यावर संभाषण सुधारलेच. शिवाय ज्यांना काहीही शिकविले नव्हते ते रुग्णही आपला आशय अधिक चांगला पोहोचवू लागले. समोरचा ऐकणारा सुधारला की बोलणाराही सुधारतो.

बोलावे कसे?

ही रीत कोणासही शिकता येण्यासारखी आहे. प्रथम गलका थांबवावा. दूरदर्शन बंद करावे आणि एका वेळी एकानेच बोलावे. रुग्णासमोर बसावे, त्याच्याकडे पाहून सावकाश व छोट्या वाक्यांत बोलावे. तो बहिरा नाही, म्हणून ओरडू नये. एक गोष्ट विचारून उत्तरासाठी थांबावे. हे थांबणे सर्वांत अवघड असते. मनात दहा अंक मोजावेत. त्याचे वाक्य घाईने पूर्ण करू नये.

"काय हवे?" असे मोघम विचारण्यापेक्षा "चहा की पाणी?" असे विचारून दोन्ही वस्तू दाखवाव्यात. त्यानेही जमत नसेल तर होय-नाहीचे प्रश्न करावेत. मात्र काही रुग्णांच्या तोंडून 'होय' ऐवजी 'नाही' निघून जाते. म्हणून मानेची खूण, अंगठा वर-खाली करणे अथवा कागदावर लिहिलेल्या 'होय' व 'नाही' यांवर बोट ठेवणे यांपैकी कोणती खूण भरवशाची आहे ते आधी पाहून ठेवावे. हावभाव, चित्र, छायाचित्र, दिनदर्शिका, पैशाच्या नोटा यांचा मोकळा वापर करावा. समजले नसेल तर समजल्याची बतावणी करू नये. "बाबा, माझ्या ध्यानात आले नाही, पुन्हा दाखवा" असे म्हणण्यात दोघांचाही मान राहतो. वाचाघात झालेल्या अनेकांना नैराश्य येते. रडणे, चिडणे, जेवण टाकणे वाढले तर डॉक्टरांना सांगावे. त्यावरही उपचार आहे. अहोरात्र सेवा करणाऱ्या पत्नीस वा सुनेस आठवड्यातून काही तासांची उसंत मिळावी, हेही पाहिले पाहिजे.

कचेरीत काय घडावे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार असून वाचा व भाषा यांच्या दिव्यांगतेच्या व्याख्येत वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजेच उपचारानंतरही कायम राहिलेली अडचण ही कायद्याने मान्य केलेली दिव्यांगता आहे. प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र यांसाठी केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगता असल्यास अनेक योजना लागू होतात. येथे एक दक्षता घ्यावी. लुळा हात सर्वांना दिसतो, हरपलेली भाषा दिसत नाही. अर्जात दोन्हींचा उल्लेख करावा आणि दोन्हींची तपासणी व्हावी असा आग्रह धरावा.

याच अधिनियमाच्या कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीस इतरांप्रमाणेच मालमत्ता बाळगण्याचा, वारसाने मिळविण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क आहे. साहाय्य करणाऱ्या व्यक्तीचा एखाद्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असेल तर तिने त्या व्यवहारात साहाय्य करण्यापासून दूर राहावे, असेही हे कलम सांगते. खेड्यात ही तरतूद किती मोलाची आहे, हे महसुली कामाचा अनुभव असलेल्यांना सांगावयास नको. बोलू न शकणाऱ्या बापाचा अंगठा घेऊन जमीन एका मुलाच्या नावे होऊ शकते, आणि बापाला मान्य आहे की नाही हे कोणी विचारलेलेच नसते.

म्हणून वाचाघात झालेली व्यक्ती कचेरीत आली असता अधिकाऱ्याने प्रश्न तिलाच विचारावा, बरोबरच्या माणसाला नव्हे. "आबा, हे वावर थोरल्याच्या नावे करायचे आहे काय?" असे विचारून उत्तर घ्यावे, नंतर प्रश्न उलटा फिरवून "हे वावर तुमच्याच नावावर ठेवायचे आहे काय?" असे पुन्हा विचारावे. दोन्ही वेळा 'होय' आले तर उत्तर भरवशाचे नाही असे समजून, दुसऱ्या दिवशी शांतपणे, हितसंबंध नसलेल्या माणसासमक्ष पुन्हा विचारावे. बँकेतही सही बदलली म्हणून पैसे अडविण्याचे कारण नाही. आजारी व असमर्थ खातेदाराच्या हाताच्या वा पायाच्या अंगठ्याचा ठसा बँकेला परिचित अशा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची पद्धत आहे. न्यायालयातही आपल्या पसंतीच्या भाषेत व साधनाने साक्ष नोंदविण्याची सोय मिळावी, असे अधिनियम सांगतो.

पंचायत आणि शाळा

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणार्थ खर्च करावयाचा असतो. या निधीचा विचार होताना चाकाची खुर्ची व काठी सर्वांना आठवते. वाचाघात झालेल्यास तपासणीसाठी नांदेड वा नागपूरला नेण्याचा प्रवासखर्च, चित्रफलक, पडद्यावरील उपचारासाठी साधन या गोष्टीही नियमांच्या चौकटीत मांडता येतील काय, हे ग्रामसभेने पाहावे. राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि एस. टी. प्रवासातील सवलत यांची माहिती पात्र कुटुंबांपर्यंत पोहोचविणे हे सदस्यांचे काम आहे.

आशा कार्यकर्तीच्या घरभेटींतून गावातील अशी माणसे कळू शकतात. त्यांची यादी करावी, आणि प्रत्येकासाठी पाच-सहा शेजाऱ्यांनी वाराच्या पाळ्या लावून घ्याव्यात. शाळेचे साहाय्य येथे मोठे होऊ शकते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आजोबांच्या घरातील, शेतातील व गोठ्यातील वस्तूंची चित्रे काढून एक वही तयार करावी, तीत नातेवाइकांची छायाचित्रे चिकटवावीत आणि रोज थोडा वेळ ती वही घेऊन त्यांच्याशेजारी बसावे. भजनी मंडळाने त्यांना पुन्हा बोलावून टाळ हाती द्यावा; उजवा हात चालत नसेल तर डाव्या हाताने मांडीवर ताल धरता येतो.

लेखाच्या आरंभी सांगितलेला शेतकरी अजून ओसरीवर बसलेला आहे. मेंदूची झालेली इजा आपण पुसून टाकू शकत नाही. त्याला वेळेवर दवाखान्यात पोहोचविणे, तज्ज्ञाची चिठ्ठी मिळवून देणे, रोज त्याच्याशी बोलणे आणि त्याच्या अंगठ्यामागे त्याची इच्छा आहे याची खात्री करणे, एवढे मात्र प्रत्येक गावाच्या हातचे आहे. पुढच्या वेळी त्याच्या दारावरून जाताना घरच्यांकडे वळू नये. त्याच्यासमोर बसावे, त्यालाच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.